तुझं हो आणि तुझं नाही

कल्पना,

सगळे म्हणतात, तू सुटलीस. पुण्यानुमोदनाला विहारात जो आला तो माझा हात हातात घेऊन हेच म्हणाला. "सुटल्या बाई. लय हाल झाले त्याईचे." मी मान डोलवत राहिलो. मान डोलवणारी माणसं तुला आवडायची नाहीत, माहीत आहे. पण मी काय बोलणार होतो? तुला सुटायचं होतं का, हे जगात फक्त तुला ठाऊक होतं. आणि तुला विचारलं तेव्हा तू जे उत्तर दिलंस ते मला कळलं नाही. तीस वर्षांच्या संसारात सगळ्यात मोठा प्रश्न मी तुला विचारला आणि त्याचं उत्तर मला कळलं नाही. लोकांना वाटतं मी तुझ्या जाण्यामुळे असा झालो. तुझ्या जाण्याचं दुःख तर आहेच. पण मला झोपू देत नाही ते उत्तर.

आपल्या घरात बोलायचं खातं तुझ्याकडे होतं. मी पाटबंधारे खात्यातला माणूस, कालव्याच्या पाण्याकडे बघत नोकरी केली, पाण्याशी बोलावं लागत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस तू करायचीस, संकेतच्या शाळेत तू जायचीस, माझ्या बदलीसाठी माझ्या साहेबांशी भांडायलाही तूच गेली होतीस. अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवायचीस आणि दरवर्षी वादविवाद स्पर्धेला मुलं तयार करायचीस. शाळेत प्रमाण भाषा. घराचा उंबरा ओलांडला की चप्पल काढावी तशी ती भाषा काढून ठेवायचीस आणि वऱ्हाडीवर यायचीस.

त्या सकाळीही आपण भांडतच होतो. तुझ्या वर्गातली एक मुलगी फक्त वऱ्हाडीत बोलायची आणि तू तिला तशीच, वऱ्हाडीतच, अमरावतीच्या स्पर्धेत उभी करणार होतीस.

"हसतीन तिले," मी म्हणालो. "मार्क कापतीन."

"काहून कापतीन? मुद्दा वऱ्हाडीत मांडला तर तो मुद्दा राहत नाही का?"

"जगाची रीत हाय ते."

तू पोळी लाटत होतीस. लाटणं माझ्याकडे रोखून म्हणालीस, "तुमचं चुकते कुठी, सांगू का? तुमी ना—"

आणि पुढे जे आलं ते ना वऱ्हाडी होतं, ना प्रमाण. तोंडातून नुसते आवाज आले, एकमेकांत गुंतलेले. क्षणभर वाटलं, तू माझी नक्कल करते आहेस. मग लाटणं हातातून गळून पडलं आणि तुझा चेहरा उजवीकडून ओघळला.

त्या वाक्याचा उरलेला भाग मला कधीच मिळाला नाही. माझं चुकतं कुठे, हे तू सांगणार होतीस.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली. नुकसान कुठे कुठे झालं ते त्यांनी सांगितलं, "उजवा हात, उजवा पाय आणि भाषा." जणू भाषाही एक अवयव. मी समजलो, जीभ अडकली असेल. म्हणून तू घरी आल्यावर तुला पाटी आणून दिली. तोंडाने येत नाही तर लिहून सांग. तू डाव्या हातात खडू धरलास, बराच वेळ पाटीकडे पाहिलंस आणि दोन-तीन रेघा ओढल्यास. त्या अक्षरं नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेस तू. त्या रेघा तळहाताने पुसल्यास आणि पाटी पालथी ठेवलीस. तेव्हा मला कळलं की हे जिभेचं काम नाही. आत जिथे शब्द ठेवलेले असतात तिथेच काही कोसळलं आहे.

तुझा भाऊ प्रल्हाद वलगावहून वेखंड आणि मध घेऊन आला. "लेकराची जीभ मोकळी होते यानं, ताईची काहून नाही होनार?" म्हणत त्याने बोट तुझ्या जिभेवर फिरवलं आणि तू त्याला कडकडून चावलीस. बिचारा बोट झटकत अंगणभर फिरला. दवाखान्यातून आल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या दिवशी. पण जेवताना तोच प्रल्हाद तुझ्या देखत मला म्हणाला, "भाऊजी, ताईचं डोकं गेलं. आता मान्य करा." तू समोर बसली होतीस. तुझा घास हातातच राहिला. प्रल्हादने पाहिलं नाही. मी पाहिलं. डोकं गेलेल्या माणसाचा घास हातात राहत नाही, कल्पना.

काही दिवसांनी तुला एक शब्द फुटला, आणि तो निघाला 'मंगळवार'. चहा हवा, मंगळवार. खिडकी लाव, मंगळवार. संकेतचा पुण्याहून फोन आला, मंगळवार. शेजारच्या कुंदावहिनींनी ऐकलं आणि नारळ घेऊन आल्या. "देवीचा वार सांगून राहिल्या त्या. उपास धरा, वाचा परत येते." गल्लीभर उपासतापासांवर वाद घालत फिरलेली तू! लालबुंद झालीस, हात नाचवत ओरडलीस, "मंगळवार! मंगळवार! मंगळवार!" वहिनींनी आणखी भक्तिभावाने हात जोडले. त्या गेल्यावर मी हसायला लागलो आणि मग तूही हसलीस, अर्ध्या चेहऱ्याने. हसता हसता रडलीस. पुढे ते नेहमीचंच झालं. तुझं हसणं कुठे संपून रडणं सुरू व्हायचं, मला सांगता यायचं नाही.

मी त्या मंगळवारचा अर्थ शोधत राहिलो. आपलं लग्न मंगळवारी झालं नव्हतं. संकेत मंगळवारी जन्मला नव्हता. झटका आला तोही वार मंगळवार नव्हता. अमरावतीला राजापेठेत पल्लवी मॅडमकडे तुला घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न मी तोच विचारला.

"शोधू नका काका," त्या म्हणाल्या. "अर्थ नाही त्याला. आत खूप शब्द आहेत, पण दारात हाच एक अडकलाय. दुसरा कोणी बाहेर यायला निघाला की याचाच धक्का लागतो."

वयाने संकेतएवढ्या. त्या स्पीच थेरपिस्ट, गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, खाली ट्यूशन क्लास. पोरं सूत्रं पाठ करत आणि कोणी चुकलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. ती आठी बघून मॅडम मला म्हणाल्या, "पाहिलंत? समजतं त्यांना. मेंदूला मार बसल्यावर भाषा जाते तेव्हा लोकांना वाटतं अक्कल गेली. याला वाचाघात म्हणतात. अक्कल, आठवणी, राग, माया, सगळं जागेवर असतं. त्यांच्याशी मोठ्याने बोलू नका, कान चांगले आहेत. लहान मुलाशी बोलतो तसं बोलू नका. एका वेळी एकच गोष्ट विचारा. आणि त्या शब्द शोधत असल्या की तुम्ही तो पुरवू नका. थांबा."

थांबणं मला जमायला हवं होतं. आयुष्यभर तुझ्यापुढे गप्पच बसलो होतो. पण तुझ्या ओठांवर शब्द यायचा, धडपडायचा, मागे जायचा, आणि ते बघत गप्प बसणं म्हणजे बुडणाऱ्या माणसाकडे काठावरून बघणं. कंगव्याचं चित्र. छत्रीचं चित्र. कुलपाचं चित्र. "हे काय आहे, ताई?" तू हातानं केस विंचरून दाखवायचीस, म्हणजे वस्तू कळत होती. फक्त तिचं नाव कोणी चोरून नेलं होतं.

मग ती पौर्णिमा. विहारात वंदना सुरू झाली आणि माझ्या शेजारून तुझा आवाज आला. त्रिशरण, पंचशील, एक अक्षर न चुकता, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून. बाया वळून बघायला लागल्या. "कल्पनाताई बोलायले लागल्या!" मी तुझ्याकडे बघतच राहिलो. वंदना संपली. एक बाई तुझा हात धरून म्हणाली, "कशा हाय आता?" तू तोंड उघडलंस. मंगळवार. त्या वेळचा तुझा चेहरा मी कोणालाही सांगितलेला नाही. आत्ताही सांगत नाही.

मॅडमना हे सांगितलं तर त्या हरखल्याच. पाठ झालेलं, सुरात म्हटलेलं बोलणं बहुतेक वेगळ्या वाटेने येतं, म्हणाल्या, त्या वाटेने आपण दुसरे शब्द आणून बघू. मग सुरू झालं ते मांडीवर डाव्या हाताने ठेका धरून गाणं. "च-हा दे. च-हा दे." अकोल्याला परत येताना एसटीतसुद्धा आपण ठेका धरायचो, दोन म्हातारे. कंडक्टरला वाटायचं, भजनी मंडळ आहे. चहा आला. थांब आला. नको आला. एकदा कुंदावहिनींना बघून 'बापा!' आला, तो आपला आपणच.

म्हणूनच शाळेचं बोलावणं आलं तेव्हा मी घाबरलो नाही. बक्षीस समारंभ होता, पाहुणी म्हणून तू. तुला जायचं होतं. एकच वाक्य म्हणायचं ठरलं, "बोला, पोरांनो, बोला." मॅडमनी त्याला चाल लावून दिली. घरी तू ते स्वच्छ म्हणायचीस, आंघोळीला जाताना, भाजी निवडताना. शाळेत माईक पुढे आला. तू ठेका धरलास. आणि तू म्हणालीस, "मंगळवार."

मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. लगेच शिक्षकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी, खूप वेळ. हसण्याने तुला लागलं नाही. त्या टाळ्यांनी लागलं. ऑटोत तू बाहेर बघत बसलीस आणि घरी आल्यावर चित्रांची सगळी कार्डं अंगणात फेकून दिलीस.

अमरावतीच्या पुढच्या फेरीचा दिवस आला, तू उठेचना. मी आधी विनवलं, मग ओरडलो. "मंग बस अशीच! दोघाचं मी किती बोलू? मले नाही जमत, तुले माहीत नाही का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. खुर्चीत सरळ बसलीस. आणि तू बाजू मांडलीस. शब्द तोच, एकच. पण पहिला मुद्दा संपल्यावर तू थांबलीस, बोट वर केलंस आणि दुसरा सुरू केलास. आवाज खाली आणलास, पुन्हा चढवलास. माझं म्हणणं काय असेल ते चेहऱ्याने करून दाखवलंस, वाकडं तोंड करून, आणि मग त्याचं खंडन केलंस. शेवटी हात पसरून प्रश्न विचारलास आणि उत्तरासाठी थांबलीस. तुझे मुद्दे कोणते होते ते मला माहीत नाही, पण ते मुद्दे होते. मी हरलो, नेहमी हरायचो तसाच. त्या दुपारी मी पुन्हा तुझा नवरा झालो, कल्पना. तोवर नुसता सांभाळणारा झालो होतो. त्या भांडणासाठी मी तुझे किती उपकार मानू? काही दिवसांनी मी उठलो तर तू डाव्या हाताने कशीबशी साडी गुंडाळून, चपला घालून दारात उभी. अमरावतीला जायचं म्हणून.

सगळ्यात अवघड निघालं ते हो आणि नाही. ते शब्द तुला आले, पण उलटे. भात हवा असला की नाही म्हणायचीस, मग मी भांडं उचललं की रागवायचीस. तुझ्याच तोंडाने तुझा विश्वासघात करावा, तसं. मॅडम म्हणाल्या, "काका, तोंडावर विसंबू नका, अंगठ्यावर विसंबा. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आणि दोनदा विचारा. एकदा सरळ, एकदा उलटं. दोन्ही जुळलं तरच खरं धरा." आपण तसंच जगलो. चहा हवा का? अंगठा वर. चहा नको का? अंगठा खाली. जुळलं. थकलीस किंवा ताप असला की अंगठाही चुकायचा, तेव्हा मी थोडं थांबून पुन्हा विचारायचो. घाई कशाची होती?

मग घाई आली.

गिळताना ठसका लागायचा तुला. मॅडमनी सांगितलं होतं, हनुवटी खाली, छोटा घोट, पातळ नको. सगळं पाळलं. तरी त्या हिवाळ्यात छातीत कफ झाला, ताप चढला, आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझा श्वास असा चालत होता की बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "श्वास पुरत नाहीये. घशातून नळी टाकून मशीनवर घ्यावं लागेल. वाचतील असं मी म्हणत नाही. सही करा."

"तिले विचारतो," मी म्हणालो.

"काका, या अवस्थेत त्यांना काय कळणार?"

"कळते. सगळं कळते तिले."

ते थांबले, कल्पना. त्यांना दोष देऊ नकोस. ते घड्याळाकडे बघत होते, पण थांबले.

मी तुझ्या कानाशी वाकलो. "कल्पना, घशात नळी टाकायची म्हनतात. टाकायची का?"

"हो," तू म्हणालीस. आणि अंगठा खाली गेला.

मी उलटं विचारलं. "नळी नको का तुले?"

"हो." आणि अंगठा पुन्हा खाली.

एकदा अंगठा म्हणाला, टाकू नका. दुसऱ्यांदा म्हणाला, टाका. तोंड दोन्ही वेळा हो म्हणालं. मी पुन्हा विचारलं. आता अंगठा आडवा झाला आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळला गेला. संकेत फोनवर रडत होता, "बाबा, टाकू द्या, बाबा, टाकू द्या." मी पल्लवी मॅडमना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. त्या कोणाला तरी शिकवत असतील. डॉक्टर म्हणाले, "आता थांबता येणार नाही." मी सही केली.

नळी टाकली आणि तुझे होते ते चार शब्दही गेले. दरवाजाच्या काचेतून मी बघायचो. तू डावा हात नळीकडे न्यायचीस म्हणून तो हात पट्टीने खाटेला बांधला होता. म्हणजे तुला नळी नको होती? की तापातला माणूस असाच करतो? मला आत सोडलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी रोज वाचतो. एक दिवस ती म्हणते, बरं केलंत. दुसऱ्या दिवशी म्हणते, काहून केलं? आणि मग तूच गेलीस, मशीन चालू असताना, पट्टी सोडायच्या आधी.

लोक म्हणतात, तुम्ही योग्य तेच केलं. डॉक्टरही म्हणाले. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. पण तू माझ्या जागी असतीस तर चौथ्यांदा, पाचव्यांदा विचारलं असतंस, डॉक्टरांना सुनावलं असतंस, काही तरी वाट काढली असतीस. नाही तर तूही सहीच केली असतीस. मला हेही माहीत नाही. हे तुझ्याशी बोलायचं होतं. घरात बोलायचं खातं आता रिकामं आहे आणि मला ते चालवता येत नाही.

गेल्या आठवड्यात पल्लवी मॅडमचा फोन आला. धामणगाव रेल्वे या गावचे एक गृहस्थ त्यांच्याकडे यायला लागलेत, धान्याचे व्यापारी, तुझ्यासारखाच झटका. घरचे त्यांना वेडे समजतात, बायको पार खचली आहे. "काका, तुम्ही बोलाल का तिच्याशी?" मी नाही म्हणालो. मग गेलो.

ती माझ्यासमोर बसली. साधी बाई, पदर बोटाला गुंडाळत होती. नवरा बाजूच्या खुर्चीत, मान खाली. खालच्या क्लासमध्ये पोरं काही तरी घोकत होती. मी सांगायला सुरुवात केली. म्हणालो, यांच्यासमोर यांच्याबद्दल बोलू नका, यांना सगळं समजतं. म्हणालो, शब्द पुरवू नका, थांबा. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिने विचारलं, "मंग तुमच्या बाई आता बोलतात का, भाऊ?"

मॅडमनी तिला सांगितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. बोलायला 'ती गेली' एवढे दोनच शब्द होते. ते आले नाहीत. मी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज निघेना. मॅडम मध्ये बोलल्या नाहीत, त्या थांबल्या, शिकवतात तशा. ती बाई मॅडमकडे वळून दबल्या आवाजात म्हणाली, "यायलेबी तेच झालं का, मॅडम?"

तेव्हा तिच्या नवऱ्याने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला कळलं होतं, कल्पना. तू गेलीस हे कोणी न सांगता, बायकोच्या आधी त्याला कळलं होतं. त्याने डाव्या हाताने पुढ्यातला पाण्याचा गिलास उचलला, टेबलावर पाणी सांडलं, आणि तो गिलास माझ्यापुढे आणून ठेवला.